तीन मिनिटांचं गाणं तेवीस मिनिटांचं कसं झालं?

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीर हुसेन गेले. गेले तेही सॅन फ्रान्सिस्कोत. त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत ड्रमवादक मिकी हार्ट आणि 'ग्रेटफुल डेड' ही नावं वाचून बरेच जण चक्रावले असतील. माहीमचा तबलजी आणि अमेरिकेतला हिप्प्यांचा रॉक बँड यांचा संबंध काय? त्याच बँडचा बास वाजवणारा फिल लेश दोन महिने आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये वारला. जून २०२५ मध्ये त्याच शहरात घडलेला गायक-संगीतकार स्लाय स्टोनही गेला. त्या पिढीतली माणसं आता एकेक करून जात आहेत, आणि प्रत्येक वेळी बातमीत 'साठच्या दशकातली काउंटरकल्चर' हा शब्द येतो. तो कुणी फोड करून सांगत नाही.

फोड फार अवघड नाही. काउंटरकल्चर म्हणजे घरच्यांनी आखून दिलेली वाट, म्हणजे कॉलेज, नोकरी, उपनगरातलं घर आणि सरकारने बोलावलं की व्हिएतनामची लढाई, नाकारून वेगळं जगून बघणाऱ्या तरुणांची चळवळ. तिचं एक मोठं ठाणं सॅन फ्रान्सिस्को होतं आणि तिची ओळख संगीत. त्या संगीताबद्दल दोन समज पक्के आहेत: ते नशेतून आलं, आणि ते आपोआप आलं. माझं म्हणणं असं की ते बरंचसं स्वस्त भाडं, नाचाचे हॉल, रेडिओबद्दलचा एक सरकारी नियम आणि टेपरेकॉर्डर यांतून आलं. वाजवणाऱ्यांचं कसब अर्थातच त्यात आहे, पण त्या कसबाला जागा कुणी करून दिली हे कळलं नाही तर ती गाणी इतकी लांबलचक का, हेही कळत नाही.

आधी घरभाड्याचा प्रश्न

वाद्यवृंद बसायला रिकामा वेळ लागतो आणि शहरात रिकामा वेळ महाग असतो. हेट-ॲशबरी या भागात तो स्वस्त होता. तिथली लाकडी, नक्षीदार जुनी घरं मध्यमवर्गीय कुटुंबं सोडून गेली होती. त्यात शेजारच्या उद्यानाच्या पट्ट्यातून मोठा महामार्ग जाणार अशी टांगती तलवार कित्येक वर्षं होती, त्यामुळे भाडी वर चढली नाहीत. १९६६ मध्ये शहराच्या प्रतिनिधींनी तो महामार्ग नाकारला, पण तोवर विद्यार्थी, चित्रकार आणि वादक एकेका घरात दहा-दहा जण राहायला लागले होते. ७१०, ॲशबरी स्ट्रीट या घरात 'ग्रेटफुल डेड' १९६६ पासून १९६८ च्या मार्चपर्यंत होता.

आणि हे वादक तरी कोण? जेरी गार्सिया बँजोवर अमेरिकन खेड्यातलं लोकसंगीत वाजवायचा. पिगपेन काळ्या गायकांचे ब्लूज गात मोठा झालेला. फिल लेश तर ट्रम्पेट वाजवणारा, मिल्स कॉलेजात लुचानो बेरियो या इटालियन संगीतकाराकडे आधुनिक पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेला. १९६५ मध्ये तो बँडमध्ये आला तेव्हा त्याने बास गिटार वाजवलीच नव्हती. रॉकचं तयार घराणं कुणाकडेच नव्हतं. ज्याला जे येत होतं ते त्याने आणलं.

हॉल बदलला तसं गाणं बदललं

त्याआधी रॉकचा कार्यक्रम म्हणजे एका संध्याकाळी सात-आठ बँड, प्रत्येकाने आपली गाजलेली दोन-तीन गाणी म्हणायची आणि उतरायचं. गाणं तीन मिनिटांचं, कारण एका बाजूला एकच गाणं मावणाऱ्या छोट्या तबकड्या रेडिओवर तेवढ्याच लांबीच्या चालायच्या. लोक खुर्च्यांवर बसून ऐकणार.

१६ ऑक्टोबर १९६५ ला 'फॅमिली डॉग' नावाच्या एका मित्रमंडळींच्या गटाने गोदी कामगारांचा हॉल भाड्याने घेऊन नाचाचा कार्यक्रम केला. डिसेंबरात बिल ग्रॅहॅमने फिलमोर ऑडिटोरियममध्ये एका नाटकमंडळीच्या मदतीसाठी कार्यक्रम ठेवला आणि या धंद्यात पैसा आहे हे त्याने ताबडतोब ओळखलं. पुढच्या वर्षी चेट हेल्म्सने ॲव्हलॉन बॉलरूम सुरू केली. हे नाचाचे हॉल होते: खुर्च्या नाहीत, भिंतींवर रंगीत तेलाच्या थेंबांचे प्रकाशखेळ, तिकीट दोन-अडीच डॉलर. फिलमोरच्या जिन्यात सफरचंदांचं पिंप ठेवलेलं असायचं, फुकट घ्या म्हणून. ग्रॅहॅम मात्र हिशेबाला पक्का. लहानपणी नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेत आलेला हा माणूस हिप्प्यांमध्ये घड्याळ लावून फिरायचा आणि कार्यक्रम वेळेवर सुरू करायचा. शिव्या त्याला सगळ्यांनी घातल्या, पण पैसे वेळेवर त्याच्याकडूनच मिळायचे.

लोक नाचताहेत म्हणजे गाणं तीन मिनिटांत थांबवून चालत नाही, त्यांचा ठेका मोडतो. मग मधला वाजवण्याचा भाग वाढवायचा, एकाने सूर धरायचा, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, आणि पुन्हा मूळ चालीवर यायचं. आपल्याकडे बंदिश चार ओळींची असते आणि राग तासभर चालतो, हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही. अमेरिकन रॉकला ते नवीन होतं.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा 'डार्क स्टार' या गाण्यात आहे. 'ग्रेटफुल डेड'ने १९६८ मध्ये ते छोट्या तबकडीवर काढलं तेव्हा ते तीन मिनिटांच्या आतलं होतं, आणि फारसं कुणी विकत घेतलं नाही. १९६९ च्या थेट मैफलीच्या रेकॉर्डवर तेच गाणं सुमारे तेवीस मिनिटांचं आहे, अख्खी एक बाजू. शब्द तेवढेच.

पण एवढं लांब गाणं रेडिओवर वाजवणार कोण?

इथे सरकारी नियम कामाला आला. अमेरिकेत लोकप्रिय गाणी एएम रेडिओवर लागायची. एफएमवर आवाज स्वच्छ, पण ऐकणारे थोडे, म्हणून एकाच मालकाच्या दोन्ही वाहिन्या असल्या तर एएमचाच कार्यक्रम एफएमवर चालवायचे. सरकारने सांगितलं की मोठ्या शहरांत हे निम्म्याहून जास्त वेळ चालणार नाही. १९६७ पासून हा नियम लागू झाला आणि देशभरातल्या एफएम मालकांपुढे रिकामे तास भरायचा प्रश्न उभा राहिला.

केएमपीएक्स नावाची सॅन फ्रान्सिस्कोची एफएम वाहिनी निरनिराळ्या परक्या भाषांतल्या कार्यक्रमांना वेळ विकून कशीबशी चालत होती. एप्रिल १९६७ मध्ये टॉम डोनाह्यू या अनुभवी निवेदकाने तिथे रात्रीचा वेळ घेतला आणि लांब रेकॉर्डची अख्खी बाजू वाजवायला सुरुवात केली. मध्ये किंचाळणाऱ्या जाहिराती नाहीत, घाई नाही. कंपन्यांना कळलं की छोटी तबकडी न खपताही मोठी रेकॉर्ड खपू शकते.

टेप म्हणजे काय, आणि चार ट्रॅक कमी का पडायचे?

आता स्टुडिओत जाऊ. टेप म्हणजे चुंबकीय लेप असलेली फीत. तिच्या रुंदीत शेजारी-शेजारी, लांबीभर जाणारे पट्टे पाडून प्रत्येकावर वेगळा आवाज मुद्रित करता येतो. त्या एका पट्ट्याला ट्रॅक म्हणतात. १९६७ पर्यंत बहुतेक चांगल्या स्टुडिओंत चार ट्रॅक असायचे.

जेवणाचं ताट डोळ्यांपुढे आणा. चार वाट्या आहेत. एकीत ड्रम आणि बास, दुसरीत गिटार, तिसरीत गाणं, चौथीत आणखी काही. पाचवा पदार्थ आला की वाटी नाही. मग दोन-तीन वाट्यांतलं एकत्र कालवून एका वाटीत घालायचं, म्हणजे बाकीच्या रिकाम्या होतात. याला बाउन्स करणं म्हणतात. यात धोका असा की आमटी-भात एकदा कालवला की आमटीत मीठ जास्त झालंय हे नंतर कळून उपयोग नसतो. शिवाय प्रत्येक बाउन्सला फितीची खरखर थोडी वाढते. म्हणून ड्रमचा आवाज गिटारपेक्षा किती मोठा हवा हे आधीच ठरवावं लागायचं.

लंडनच्या ईएमआय स्टुडिओत हे शिस्तीत व्हायचं. तिथले तंत्रज्ञ पांढरे कोट घालून काम करायचे, आणि बीटल्सच्या डोक्यात जे येईल ते चार ट्रॅकमध्ये बसवायचे. १० फेब्रुवारी १९६७ ला चाळीस वादकांचा ऑर्केस्ट्रा बसवायचा होता, वाट्या संपल्या होत्या. केन टाउनसेंड या अभियंत्याने चार ट्रॅकची दोन यंत्रं सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या विद्युतसंकेताने एकमेकांना बांधून एकाच वेळी चालवली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पोरांना हा संयम नव्हता. 'ग्रेटफुल डेड'ची पहिली रेकॉर्ड जानेवारी १९६७ मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओत जेमतेम चार दिवसांत उरकली. ती त्यांना स्वतःलाच घाईघाईची वाटली. दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी उलट टोक: महिने गेले, स्टुडिओ बदलले. गिटारवाल्या बॉब वीअरने निर्माता डेव्ह हॅसिंजरला सांगितलं की मला इथे 'दाट हवेचा' आवाज हवाय. हॅसिंजर काम सोडून निघून गेला. (मी त्याच्या जागी असतो तर चहा घेऊन परत आलो असतो, पण त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे.) मग बँडनेच वेगवेगळ्या रात्रींच्या मैफलींची रेकॉर्डिंग आणि स्टुडिओतलं वाजवणं एकमेकांवर चढवून रेकॉर्ड पुरी केली.

तिसऱ्या वेळी सोळा ट्रॅकचं यंत्र आलं. ते बनवणारी ॲम्पेक्स कंपनी शहराच्या जरा दक्षिणेला रेडवुड सिटीत होती, जिथे पुढे सिलिकॉन व्हॅली उभी राहिली तिथेच, त्यामुळे नवं यंत्र या मंडळींच्या हाती लवकर लागलं. सोळा वाट्या बघून त्यांनी आठ ट्रॅकवर झालेलं काम पुन्हा पहिल्यापासून केलं. खर्च इतका वाढला की वॉर्नर ब्रदर्स या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचं बँडवर सुमारे १,८०,००० डॉलर कर्ज झालं. ते फेडायचा स्वस्त उपाय म्हणून त्यांनी यंत्रच हॉलमध्ये नेलं आणि १९६९ च्या सुरुवातीला मैफली सोळा ट्रॅकवर मुद्रित केल्या. ते तेवीस मिनिटांचं 'डार्क स्टार' त्यातलंच. कर्जापोटी केलेली ती रेकॉर्ड त्यांची सर्वोत्तम मानणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांतलाच.

कर्कश आवाज मुद्दाम कसा काढतात?

शाळेच्या स्नेहसंमेलनात माइक अचानक 'कुंईं' करतो तो फीडबॅक. माइकने स्पीकरचा आवाज ऐकला, तो पुन्हा स्पीकरला दिला, स्पीकरने पुन्हा माइकला, आणि हे चक्र क्षणात कानठळ्या बसवतं. इलेक्ट्रिक गिटारचंही तेच होतं, फक्त तारा थरथरत राहतात म्हणून सूर संपतच नाही. वादक स्पीकरसमोर किती अंतरावर, कुठल्या कोनात उभा राहतो त्यावर तो सूर बदलतो. जिमी हेन्ड्रिक्सने यात प्रावीण्य मिळवलं.

गायकाला मात्र हीच गोष्ट नको असते. त्या वेळी रंगमंचावर गायकांना स्वतःचा आवाजच ऐकू यायचा नाही. 'ग्रेटफुल डेड'च्या ध्वनियंत्रणेवर पैसा आणि डोकं लावणारा औस्ली स्टॅन्ले त्याच काळात एलएसडी हे नशेचं रसायन बनवण्यासाठीही प्रसिद्ध होता. त्या प्रयोगांचा शेवट १९७४ मध्ये वादकांच्या पाठीमागे उभ्या केलेल्या स्पीकरच्या अवाढव्य भिंतीत झाला. स्पीकर मागे, म्हणजे ते थेट माइकमध्ये ओरडणार. उपाय असा: प्रत्येक गायकासमोर दोन माइक एकमेकांना उलटे जोडायचे. लांबून येणारा आवाज दोन्हीत सारखाच शिरतो आणि उलट जोडणीमुळे शून्य होतो. गायक एकाच माइकला ओठ लावून गातो, म्हणून फक्त त्याचाच आवाज उरतो. कागदावर ते फार सुंदर होतं, पण ती भिंत गावोगाव नेण्याचा खर्च बँडला पेलला नाही.

हे सगळं नशेचंच होतं ना?

काही अंशी हो, नाकारण्यात अर्थ नाही. एलएसडी हे जाणिवा उलटसुलट करणारं रसायन कॅलिफोर्नियात ६ ऑक्टोबर १९६६ पर्यंत कायदेशीर होतं. १९६५ च्या अखेरीपासून केन कीझी या लेखकाच्या गटाने भरवलेल्या 'ॲसिड टेस्ट' नावाच्या जलशांत 'ग्रेटफुल डेड' वाजवायचा. पण त्या जलशांनी वादकांना दिलं ते वेगळं होतं: तिथे बँड ऐकायला म्हणून कुणी आलेलं नव्हतं. पाच मिनिटं वाजवा, रात्रभर वाजवा, नाही तर वाजवूच नका. अशी सूट कुठल्याही वादकाला कुठे मिळते?

नशेने सूर लागत असते तर रियाजाची गरज पडली नसती. स्लाय स्टोन तेव्हा डोनाह्यूच्याच रेकॉर्ड कंपनीत निर्माता होता. पुढे 'जेफरसन एअरप्लेन' या बँडची गायिका झालेल्या ग्रेस स्लिकच्या पहिल्या बँडकडून त्याने एका गाण्याचे पन्नासहून जास्त टेक करून घेतले. पोरं वैतागली. आणि नशेचा हिशेब पुढे चुकता करावा लागलाच: गायिका जॅनिस जॉपलिन १९७० मध्ये हेरॉइनने, पिगपेन १९७३ मध्ये दारूने, दोघंही सत्ताविसाव्या वर्षी.

नशेला सर्वांत उघड विरोध रविशंकर यांनी केला. १८ जून १९६७ ला, रविवारी दुपारी, मॉन्टेरीच्या महोत्सवात ते तबल्याच्या साथीला झाकीर हुसेन यांचे वडील अल्लारखाँ यांना घेऊन बसले तेव्हा त्यांनी श्रोत्यांना धूम्रपान करू नका असं सांगितलं. बाकी कलाकार बिनमानधन आले होते, रविशंकर यांनी ३,००० डॉलर घेतले. त्याच महोत्सवात हेन्ड्रिक्सने गिटार पेटवली. वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या परंपरेतला हा माणूस ते बघून दुखावला गेला. दोन वर्षांनी वुडस्टॉक महोत्सवाच्या चिखलात लोळणारे श्रोते बघून त्यांना म्हशी आठवल्या, असं त्यांनी पुढे लिहिलं.

आपलं संगीत त्यांनी फक्त मसाल्यासारखं वापरलं का?

पुष्कळांनी तसंच वापरलं. सतार घेतली, दोन सूर छेडले, गाणं 'पौर्वात्य' झालं. श्रेय देण्यातही सारखेपणा नव्हता. एप्रिल १९६६ मध्ये लंडनला बीटल्सच्या एका गाण्यावर अनिल भागवत यांनी तबला वाजवला, त्यांचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलं गेलं. पुढच्या वर्षीच्या रेकॉर्डवर दिलरुबा आणि तबला वाजवणाऱ्या भारतीयांची नावं आलीच नाहीत. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला आला, तेव्हा दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून आणावं लागलं. तिथे शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ असे वादक बसले होते. लंडनच्या दिमाखापुढे यंत्र दरिद्री, पण वादक बघा.

खोल गेलेला धागा दुसरीकडे आहे. मिकी हार्ट १९६७ मध्ये अल्लारखाँना भेटला, त्यांच्याकडून धडे घेतले, आणि आवर्तन हा विचार घेऊन 'ग्रेटफुल डेड'मध्ये दाखल झाला. चार मात्रांच्या पलीकडे न जाणाऱ्या रॉकमध्ये हा बँड अकरा मात्रांत वाजवायला लागला, त्या गाण्याचं नावच 'द इलेव्हन'. सम कुठे हे कळल्याशिवाय पाच-सहा जणांना एकत्र परत येता येत नाही. म्हणजे लांब गाण्याला शिस्त आपल्या बाजूनेही मिळाली. उस्ताद अली अकबर खाँ यांचं कॉलेज १९६७ मध्ये जवळच बर्कलीत सुरू झालं आणि नंतर सॅन राफाएलला गेलं. तिथे तबला शिकवायला आलेल्या झाकीरभाईंच्या वर्गातून 'दिगा ऱ्हिदम बँड' निघाला, १९७६ ला त्याची रेकॉर्ड आली. हार्टबरोबरच्या १९९१ च्या 'प्लॅनेट ड्रम'ला जागतिक संगीतासाठीचं पहिलं ग्रॅमी मिळालं. उलट दिशेनेही माणसं आली. सॅन राफाएलमध्ये वाढलेला एक पोरगा १९७० च्या सुमाराला गोव्यात अंजुण्याला पोचला आणि पुढे 'गोवा गिल' म्हणून ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचा मोठा माणूस झाला.

पैशाला नाक मुरडायचं आणि कंपनीशी करारही करायचा?

हा आक्षेप रास्त आहे. 'जेफरसन एअरप्लेन'ने आरसीए कंपनीकडून २५,००० डॉलर आगाऊ घेतले. जॅनिसच्या १९६८ च्या गाजलेल्या रेकॉर्डमध्ये बहुतेक गाणी स्टुडिओत झाली आणि मैफलीचा भास यावा म्हणून प्रेक्षकांचा गलका वरून घातला. 'अस्सल' हासुद्धा माल झाला होता.

मालकी आपल्या हातात घ्यायचा प्रयत्न त्यांनी केला. १९६८ मध्ये 'ग्रेटफुल डेड' आणि 'एअरप्लेन' यांनी मित्रबँडांसह कॅरोसेल नावाचा हॉल स्वतः चालवायला घेतला. दारात ओळखीचे सगळे फुकट आत, हिशेब कुणाकडेच नाही. काही महिन्यांत तो बुडाला. तो कुणी घेतला? बिल ग्रॅहॅमने. फिलमोर वेस्ट असं नाव देऊन चालवून दाखवला.

एका बाबतीत मात्र त्यांचा बेहिशेबीपणा फायद्याचा ठरला. श्रोते मैफली टेप करायचे, 'ग्रेटफुल डेड'ने त्यांना हाकललं नाही. १९८४ मध्ये तर ध्वनियंत्रणेच्या मागे टेप करणाऱ्यांसाठी तिकिटं काढून वेगळी जागा ठेवली. अट एकच, विकायचं नाही, वाटायचं. कंपन्यांच्या दृष्टीने ही चोरी, पण गाणं दर रात्री वेगळं असल्यामुळे टेप मिळाली म्हणून तिकीट काढणं कुणी सोडलं नाही, उलट दुसऱ्या गावालाही लोक मागोमाग जायला लागले. कॉर्नेल विद्यापीठातली ८ मे १९७७ ची मैफल अशीच टेपवरून टेपवर फिरत राहिली. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत तिची नोंद केली, तीही कंपनीने ती बाजारात आणण्याच्या आधी. कंपनीची अधिकृत आवृत्ती २०१७ मध्ये निघाली, मैफलीनंतर चाळीस वर्षांनी. ज्यांच्याकडे ती आधीच होती त्यांच्यातल्या पुष्कळांनी तीही विकत घेतली.